हातावरची माशी

माशीबाईंनी पडद्यावरची माशी मोठी केली, अजून थोडी मोठी केली आणि खुर्ची पुढे ओढली. दोनच पंख. पंखांच्या मागे तोल सांभाळणाऱ्या, टाचणीच्या डोक्यासारख्या दोन गाठी. मिशा नसल्यात जमा. पिवळ्या पोटावर जोडीजोडीने काळे पट्टे, एक जाड आणि त्याच्याखाली एक बारीक. फुलांवर घिरट्या घालणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी माशी होती ती. गांधीलमाशीसारखे कपडे घालून हिंडते, एवढाच काय तो तिचा गुन्हा. नांगी नाही की विष नाही.

एरवी बाईंनी एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने तिचं नाव टाइप केलं असतं आणि पुढचा फोटो उघडला असता. पण या फोटोखाली चार ओळी होत्या. त्या वाचल्या आणि बाईंचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं.

'माझ्या बायकोच्या हातावर बसलेला हा किडा. फोटो तिनेच काढला. मी गांधीलमाशी समजून तो झटकला आणि चपलेखाली चिरडला. ती म्हणाली, साधी माशी होती, काही करत नव्हती. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. पुढच्या आठवड्यात ती गेली. नक्की काय होतं ते कळलं तर बरं होईल.'

"कुठे माशी शिंकली?" पलीकडच्या टेबलावरून फुलपाखरंवाल्याने विचारलं.

हा विनोद तो वर्षानुवर्षं करत आला होता आणि बाई तितकीच वर्षं तो ऐकत नव्हत्या. संग्रहालयाच्या त्या लांबट खोलीत दोघांचीच टेबलं. त्याच्याकडे फुलपाखरं, बाईंकडे माश्या. रानावनात, बागेत, खिडकीत दिसलेल्या किड्यांचे फोटो लोक संग्रहालयाच्या संकेतस्थळावर टाकत, सोबत आपला अंदाज लिहीत आणि जाणकार ते पाहून नाव सांगत. फुलपाखरंवाल्याचं म्हणणं असं, की लोक फुलपाखरांचे फोटो हौसेने काढतात आणि माश्यांचे चुकून. बाईंना हे मुळीच मान्य नव्हतं. नाकावर माशी बसू न देणारी बाई असा त्यांचा लौकिक, पण माशीबद्दल वावगा शब्द त्यांना खपत नसे.

माश्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पंखातल्या शिरा दिसत नसतील, पाय अंधारात असतील, तर त्या सरळ लिहीत, 'फोटोवरून सांगता येत नाही.' कितीही लाडीगोडी लावा, एक पायरी पुढे जायच्या नाहीत. बाईंना त्यांच्याच लग्नाचा फोटो दाखवला असता तर त्यांनी वराची ओळख पटत नाही असं लिहिलं असतं आणि म्हणूनच त्यांचं लग्न राहिलं, असं फुलपाखरंवाला सगळ्यांना सांगे. बाईंच्या समोरच सांगे. त्याही हसत.

तो उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"ही होय? ही तर मलासुद्धा येते."

"खालचं वाच."

त्याने वाचलं. कान खाजवला.

"अरेरे," तो म्हणाला. "मग आता?"

बाईंनी पुन्हा एकदा फोटो पाहिला. बाईमाणसाचा डावा हात, उन्हात गुडघ्यावर ठेवलेला. बोटं किंचित वर उचललेली, पाहुणी घसरून पडू नये म्हणून. त्या माणसाचा अंदाज फोटोशेजारी लिहिलेला होता, 'गांधीलमाशी'. त्याच्या जागी आपण असतो तर, असा विचार बाईंच्या मनात आला आणि त्यांना एकदम फार वाईट वाटलं. बायकोला डंख बसू नये म्हणून धावला बिचारा. निदान तेवढं तरी त्याच्यापाशी राहू दे. त्यांनी भराभर टाइप केलं.

'फोटोवरून नक्की सांगता येत नाही.'

"बाई," फुलपाखरंवाला म्हणाला.

"तू तुझी फुलपाखरं बघ."

तो गेला. पण जाताना त्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाईंनी उगाचच टेबलावरचे कागद नीट केले.

एरवी अशा सोप्या माशीला दहा जणांनी नाव सांगितलं असतं. पण बाईंनीच हात टेकले म्हटल्यावर कोण तोंड उघडणार? एका उत्साही माणसाने बरोबर नाव लिहिलं होतं, तेही त्याने घाईघाईने मागे घेतलं आणि वर बाईंची माफी मागितली. ती माफी वाचताना बाईंची कानशिलं गरम झाली. त्यांचा सगळ्यात प्रामाणिक शब्द त्यांनी खोटं बोलायला वापरला होता, आणि लोकांनी तो डोळे मिटून खरा मानला होता.

बाई मोठ्या बहिणीबरोबर राहत. ताई निवृत्त नर्स. दोघींचं रोज कशावरून तरी जुंपायचं. खिडकी उघडी ठेवण्यावरून, भाजीतल्या मिठावरून, काहीच नसेल तर काल कोण बरोबर होतं यावरून. संध्याकाळी जेवताना बाईंनी तिला सगळं सांगितलं.

"जेवताना माश्या नकोत म्हणून मी किती वेळा सांगितलंय," ताई म्हणाली. आणि जरा वेळाने, "खोटं का बोललीस?"

"दया आली म्हणून. तू नाही का बोलायचीस? हॉस्पिटलात लोक विचारायचे, शेवटी त्रास झाला का, तर तू नाही म्हणून सांगायचीस."

"ते मला 'नाही' ऐकायलाच विचारायचे गं. चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. तुझ्या या माणसाचा चेहरा बघितलायस का तू?"

"फोटो माशीचा आहे."

"मग त्याला काय ऐकायचंय ते तुला कुणी सांगितलं?"

ताईने न विचारता त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली, आणि तीत मीठ खरंच कमी होतं तरी बाई काही बोलल्या नाहीत.

दोन दिवसांनी त्या माणसाचा पुन्हा निरोप आला. बायकोच्या फोनमध्ये त्याच किड्याचा आणखी एक फोटो सापडला होता, हललेला. बाईंना हायसं वाटलं. हा फोटो खरोखरच वाईट होता. 'यावरूनही सांगता येत नाही,' त्यांनी लिहिलं, आणि या वेळी ते खरं होतं.

त्यावर त्याने विचारलं, 'कसा फोटो असला तर सांगता येईल?'

इथे बाई फसल्या. कुणी माशीबद्दल मनापासून प्रश्न विचारला की त्यांना राहवत नसे. माशी वरून दिसली पाहिजे, त्यांनी लिहिलं. पंख पसरलेले हवेत, ऊन मागून नको. हातावरच हवी असेल तर हाताला थोडा घाम असू द्या, या माश्या घामातलं मीठ चाटायला येतात. आणि मुख्य म्हणजे हलू नका. हात ठेवून स्वस्थ बसा, ती आपण होऊन येते. एवढं सगळं लिहून पाठवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

'प्रयत्न करतो,' त्याचं उत्तर आलं. 'मी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवायचा, यात जन्म गेला. स्वस्थ बसणं जमेल असं वाटत नाही.'

मग मास्तरांच्या हाताचे फोटो येऊ लागले. पहिल्या फोटोत नुसताच हात होता, जाड बोटांचा, बागेतल्या बाकाच्या पाठीवर ठेवलेला. खाली लिहिलं होतं, 'काही आलं नाही.' दुसऱ्यात घरात फिरते ती साधी माशी होती. तिसऱ्यात कसलासा काळा ठिपका. बाईंनी तो चिलट म्हणून ओळखला आणि मास्तरांनी आभार मानले. एका फोटोत पिवळा डाग उडून जाताना दिसत होता. 'आली होती,' मास्तरांनी लिहिलं, 'पण माझाच हात उचलला गेला. सवय.'

"आज काय म्हणतोय हात?" फुलपाखरंवाला रोज आल्या आल्या विचारू लागला. तो आता चेष्टा करत नव्हता. स्वतःच्या फुलपाखरांआधी तो बाईंच्या पडद्यात डोकावून जायचा. हात दिवसेंदिवस काळवंडत चालला होता. मनगटाच्या वर, बाहीची कड जिथे यायची तिथे, स्वच्छ रेघ पडली होती.

"म्हातारा माणूस उन्हात बसतोय बाई," एक दिवस तो म्हणाला. "तुमच्या एका ओळीसाठी."

"मला दिसतंय."

"मग सांगून टाका ना."

"काय सांगू? तुम्ही चुकलात, तिच्या हातावरची निरुपद्रवी माशी तुम्ही चिरडली आणि शेवटच्या आठवड्यात तिला उगाच दुखावलंत, असं? त्याच्याकडे त्या बाईची उरलेली तेवढी एक गोष्ट, आणि तीही मी वाईट करून ठेवू?"

फुलपाखरंवाला आपल्या टेबलाकडे वळला. बाईंचा आवाज चढला होता आणि तो एरवी चढत नसे.

मग एका सकाळी तो फोटो आला. बाईंनी तो उघडला आणि क्षणभर सगळं विसरल्या. इतका सुरेख फोटो त्यांना कितीतरी महिन्यांत कुणी पाठवला नव्हता. ऊन बाजूचं, पंख पूर्ण उघडलेले, त्यातली शीर न् शीर मोजून घ्यावी. पिवळं पोट, जाड पट्टा, बारीक पट्टा. माशीने तोंडाचं गादीसारखं टोक मास्तरांच्या अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं होतं आणि निवांतपणे मीठ चाटत होती. ती तिथे बराच वेळ बसली असणार. म्हणजे मास्तरही.

खाली लिहिलं होतं, 'आली. तिच्या हातावर बसलेली हीच होती ना? आता तरी सांगा.'

या फोटोवरून सांगता येत नाही असं लिहिलं असतं तर शाळेतली मुलंही हसली असती. आणि ही ओळखायची म्हणजे पहिलीही ओळखावी लागणार. बाईंनी बराच विचार केला. मग त्यांनी जन्मात कुणाला लिहिलं नव्हतं ते लिहिलं. 'तुम्ही इथे येऊन भेटाल का?'

मास्तर दुसऱ्याच दिवशी आले. इस्त्रीचा शर्ट, नुकतीच केलेली दाढी, आणि डावा हात उजव्यापेक्षा दोन छटा काळा. बाईंनी त्यांना आपल्याशेजारी खुर्ची दिली. फुलपाखरंवाल्याने चहा आणला आणि कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवला, तर मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला.

"सवय," ते ओशाळून म्हणाले. "बायको म्हणायची, माझ्या बाजूला तुमचा ब्रेक नाहीये, दाबू नका. त्या दिवशीही तेच म्हणाली. मी चहा घेऊन बाहेर आलो तर हिच्या हातावर हे पिवळं-काळं. मला काही सुचलंच नाही. झटकलं आणि पाय दिला. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बसली होती हो बिचारी. मी म्हटलं, बिचारी काय, गांधीलमाशी होती, चावली असती म्हणजे कळलं असतं. ती म्हणाली, तुम्हाला कशातलं काही कळत नाही. मग मीही बोललो. बरंच बोललो."

"मोठं भांडण झालं?"

"छे. नेहमीचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, तेव्हा हसत. ती म्हणाली, मी शोधून काढते कुठून तरी आणि दाखवते तुम्हाला. तेवढं राहिलं." मास्तरांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "तिच्या फोनमध्ये तुमची ही साइट उघडलेली होती. फोटो टाकायचं तेवढं राहिलं होतं. तो मी टाकला."

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ताई म्हणाली होती तसं त्याच्यावर काहीतरी लिहिलेलं असेल म्हणून शोधलं. माणूस ताटकळला होता, एवढंच दिसत होतं. फुलपाखरंवाला आपल्या टेबलाशी पाठ करून बसला होता आणि त्याचं काम कधीचं थांबलं होतं.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "मी तुमच्याशी खोटं बोलले. पहिल्या फोटोतच मला कळलं होतं. ती गांधीलमाशी नव्हती. फुलांवर फिरणारी साधी माशी. चावत नाही, डंख मारत नाही, तिला नांगीच नसते. तुम्हाला उन्हात बसवलं ते उगाच. मला माफ करा."

मास्तरांनी कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवला.

"म्हणजे ती बरोबर होती," ते म्हणाले.

"हो."

"नक्की? उगाच माझ्या समाधानासाठी नाही ना सांगत?"

बाईंना आधी कळलंच नाही ते काय विचारताहेत.

"नक्की," त्या म्हणाल्या. "शंभर टक्के."

मास्तरांनी खुर्चीला पाठ टेकली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत न घालता हातातच धरून ठेवला.

"वाचलो," ते म्हणाले. "मला भीती वाटत होती, गांधीलमाशीच निघते की काय. तुम्ही सांगता येत नाही म्हणालात तेव्हा तर माझी खात्रीच झाली. म्हटलं, बाईंना कळलंय आणि सांगायला जड जातंय."

"पण तुम्ही बरोबर ठरला असतात."

"तेच ना." मास्तर हसले. "आमच्यात असं होतं बघा. एकदा मी जिंकायचो, मग ती मला कशात तरी हरवायची. मग मी, मग ती. कुणाचं फार दिवस राहायचं नाही. आता हे शेवटचं मी जिंकलो असतो तर तिने कसं काय फेडलं असतं? ते तसंच माझ्याकडे राहिलं असतं. कायमचं. ते घेऊन मी घरात एकटा कसा बसलो असतो?"

फुलपाखरंवाल्याने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा नसताना चष्मा पुसल्यासारखं काहीतरी केलं. बाईंना ताईची आठवण झाली, आणि घरी गेल्यावर पहिल्यांदा तिला तू बरोबर होतीस असं सांगायचं त्यांनी ठरवलं. ताईला ते ऐकून किती त्रास होईल याचीही त्यांना कल्पना होती.

मास्तरांनी चष्मा घातला आणि खुर्ची पुढे ओढली.

"दाखवा तरी," ते म्हणाले. "कशावरून ओळखलंत? तिला कसं कळलं असेल?"

बाईंनी त्यांचा पहिला फोटो उघडला. आता त्यांना सांगायला इतकं होतं की कुठून सुरुवात करावी कळेना. हे पंख बघा, त्या म्हणाल्या, गांधीलमाशीला चार असतात, हिला दोनच. हे डोळे बघा, दोन डोळ्यांत थोडी जागा आहे, म्हणजे ही मादी. हे तोंड बघा, ती मीठ चाटतेय. तुमच्या मिसेसनी हात किती स्थिर ठेवलाय, म्हणून तर ती इतकी निवांत आहे. बोटं बघा जरा उचललीत, तिला उतार लागू नये म्हणून. त्यांना कळलेलं होतं हो. घाबरलेल्या माणसाचा हात असा नसतो.

"हं," मास्तर म्हणाले. "हं."

बाईंनी पेन्सिलीच्या टोकाने पोटावरचा बारीक पट्टा दाखवला आणि मास्तरांना तो दिसला का म्हणून वळून पाहिलं. मास्तरांची नजर पट्ट्यावर नव्हती. माशीवरही नव्हती.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी फोटो आणखी मोठा केला आणि हळूहळू एका बाजूला सरकवत नेला. माशीचे पंख पडद्याच्या कडेला गेले, मग पोट गेलं, मग सगळी माशीच बाहेर गेली. पडद्यावर तेवढा हात राहिला, आणि बाईंनी तो तसाच राहू दिला.